दूधवाल्याच्या फ्रेमवरची क्लंकर: जुन्या इंदुरातलं एक सायकलचं दुकान

या दुकानाला पाटी नाही. जुन्या इंदुरात एका पिठाच्या गिरणीला लागून ते आहे आणि त्या भागात ‘भाऊंचं दुकान’ म्हटलं की कुणीही हात करून दाखवतं. भाऊ पंक्चर काढतात, चाकाचा आऊट काढतात, ओव्हरऑइलिंग करतात, हे सगळ्यांना माहीत आहे. जुने भाग निवडून, फ्रेम तपासून, कच्च्या रस्त्यावर झेपेल अशी सायकल ते बांधूनही देतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. माझी त्यांनी बांधली. पावसाळाभर ती वापरली, म्हणून आता खात्रीनं लिहिते.

माझं काम भूजलाचं. सिमरोल, महू, चोरल या पट्ट्यातल्या विहिरींची पाण्याची पातळी मोजत फिरायचं. गाडी गावापर्यंत जाते, विहीर असते शेतात. मधलं अंतर मुरमाच्या गाडवाटेचं, नाहीतर बांधावरचं. आणि माळव्यातला बांध म्हणजे काळी माती. बेसाल्ट कुजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हात आकसून भेगाळते आणि ओली असताना चाकाला चिकटते ती सुटतच नाही. माझ्याकडे आधी बाजारातली सस्पेन्शनची, गिअरची सायकल होती. पहिल्याच पावसात मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग, गाळानं भरला, वाकला आणि आऱ्यांत ओढला गेला. तेव्हापासून मला हवी होती एका गिअरची, रुंद टायरची, चाक धरणारा चिमटा आणि टायर यांत बोटभर जागा असलेली सायकल. अशी सायकल तयार मिळत नाही, बांधावी लागते.

अशा सायकलींना क्लंकर हे नाव पडलं ते कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरीन काउंटीत. 1933 मध्ये श्विन कंपनीनं अमेरिकेत फुगीर टायरची सायकल आणली. पुढच्या दहा वर्षांतल्या तिच्या जाड, जड, पोलादी फ्रेमी 1970 च्या दशकात तिथं भंगारात पडून होत्या. माउंट टॅमलपाइसच्या आसपासच्या पोरांनी त्या उचलल्या, मडगार्ड-स्टँड काढून टाकले, 26 × 2.125 ची टायरं ठेवली आणि डोंगरावरून खाली सोडल्या. 21 ऑक्टोबर 1976 ला फेअरफॅक्स गावाजवळ त्यांनी पहिली शर्यत लावली. साधारण दोन मैलांचा उतार, खाली येताना 1,300 फूट उंची कमी होते. त्या सायकलींना हातानं दाबायचा ब्रेक नव्हता, पॅडल उलटं फिरवलं की मागच्या हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यात, ब्रेक लागायचा. उतार संपेपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यावरूनच त्या शर्यतीला ‘रिपॅक’ नाव पडलं.

हे मी भाऊंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “म्हणजे ताई, फ्रेम टिकली आणि ब्रेक गेला. मग पुढं त्यांनी ब्रेकचं काय केलं?” शर्यत कोण जिंकलं हा प्रश्न त्यांना पडलाच नाही. मी सांगितलं की कुणी ड्रम ब्रेक लावले, कुणी मोटारसायकलचे लिव्हर बसवले, आणि 1977 मध्ये जो ब्रीझनं या कामासाठी नव्या नळ्यांची फ्रेमच बनवली, तिला कँटिलिव्हर ब्रेक होते, म्हणजे खुंटांवर फिरणाऱ्या दोन हातांनी रिम दाबणारे. “मग आपण ब्रेकपासून सुरू करू,” भाऊ म्हणाले. हे दुकान आवडायचं माझं मुख्य कारण या वाक्यात आहे. जुन्या भागांची सायकल बांधणारे बहुतेक लोक रंग, सीटचं चामडं आणि हँडलचा वाक यांपासून सुरुवात करतात. भाऊ थांबण्यापासून करतात.

फ्रेम मात्र मीच आणली. दूधवाल्याची, डबल दांड्याची, ॲटलसची, 22 इंची. सोनीपतची ही कंपनी 1951 पासूनची. तिचा शेवटचा मोठा कारखाना 2020 च्या जूनमध्ये, नेमका जागतिक सायकल दिनाला बंद झाला. इंदुरात एके काळी पहाटे कॅन लटकवलेल्या अशा सायकलींची रांग दिसायची. दूधवाले मोटारसायकलवर गेले आणि फ्रेमी भंगारात आल्या. वरची नळी दुहेरी असल्यानं या फ्रेमी वजनाला वाईट, पण पिळायला अवघड. शिवाय पुढचा चिमटा तिरपा आणि मागचं चाक सीटपासून लांब, म्हणजे उतारावर घाबरवणार नाही अशी ठेवण. श्विनच्या जुन्या फ्रेमींचंही तेच होतं. मला भंगारवाल्याकडं ती 900 रुपयांत मिळाली.

भाऊंनी ती लगेच ठेवून घेतली नाही. मागच्या चाकाचा एक्सल जिथं बसतो ती पट्टी, सीटखालचा सांधा आणि हँडलच्या नळीचा खालचा लग (नळ्या जोडणारं कडं), एवढ्या तीन ठिकाणचा रंग पॉलिश पेपरनं खरवडला. मग फडक्यानं रॉकेल चोळलं, थोड्या वेळानं कोरडं पुसलं आणि वर खडूची पूड भुरभुरली. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत वर येतं आणि काळी रेघ उमटते. मातीत ओल कशी चढते हे मी रोज बघते, त्यामुळं ही परीक्षा कशी चालते ते मला कळत होतं, तरी सायकलच्या दुकानात ती कुणी करताना पाहिली नव्हती. डावीकडच्या पट्टीच्या मुळाशी नखाएवढी रेघ आली. दुधाच्या कॅनचं ओझं वर्षानुवर्षं तिथंच पडतं. भाऊंनी ती पट्टी गॅसवर तापवून सोडवली, दुसऱ्या मोडक्या फ्रेमची काढून पितळी डाक देऊन बसवली. विजेचं वेल्डिंग त्यांनी साफ नाकारलं. या नळ्या पातळ असतात, विजेच्या ठिणगीनं जळतात आणि डाकेच्या शेजारी ठिसूळ होतात. मूळ फ्रेम पितळी डाकेनं जोडलेली असते, दुरुस्तीही तशीच हवी.

आता चाकं. रोडस्टरला, म्हणजे आपल्या नेहमीच्या काळ्या सायकलला, 28 × 1½ ची चाकं असतात, रिमचं माप 635 मिलिमीटर. मला हवी होती एमटीबीची (माउंटन बाइकची) 26 इंची, म्हणजे 559. इथं एक गोष्ट खरेदी करणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी: ‘26 इंची’ म्हणून दुकानात 590 चं टायरही मिळतं, ते या रिमवर चढणार नाही. टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचायचा, 50-559 किंवा तसाच काही, शेवटी 559 पाहिजेच. लहान चाकामुळं मागं टायर बीबीपासून, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो त्या नळीपासून, दूर सरकतं, जिथं दोन्ही नळ्यांतलं अंतर जास्त असतं. त्यामुळं 635 च्या फ्रेममध्ये रुंद टायर बसतं, एरवी बसलं नसतं. भाऊंनी पुढं 2.125 दिलं आणि मागं 1.95 वर अडून बसले. मला मागंही 2.125 हवं होतं. त्यांनी टायर बसवून दाखवलं, मधल्या फटीत स्वतःचं बोट घातलं, ते अडकलं. “ही फट कोरड्या रस्त्याला पुरेल, तुमच्या बांधावर नाही.” 1.95 आलं आणि ऑगस्टमध्ये सिमरोलच्या शेतांत ते योग्य ठरलं. माती चढली, फिरता फिरता गळून पडली, चाक अडलं नाही.

टायर लहान झालं की सायकल खाली बसते. हिशेबानं सुमारे अडीच सेंटिमीटर. माझी उंची 5 फूट 7 इंच, त्यामुळं दांड्यावरून पाय टाकून उभं राहणं सोपं झालं. पण पॅडलही तेवढंच जमिनीच्या जवळ आलं. चोरलच्या बाजूच्या मोठ्या दगडांवर पॅडल घासतं. तिथं पाय मारायचं थांबवून दोन्ही पॅडल आडवी धरावी लागतात. भाऊंनी हे आधीच सांगितलं होतं.

जुने हब ठेवावेत अशी माझी फार इच्छा होती. पुढच्या हबला तेल घालायचं छोटं झाकण आहे, ते मला आवडतं. आपल्याकडच्या रोडस्टरला पुढच्या हबमध्ये 32 आणि मागच्यात 40 आऱ्यांची भोकं असतात. एमटीबीची 32 भोकांची ॲल्युमिनियम रिम मिळते, म्हणून पुढचा जुना हब राहिला, फक्त एक्सल लांब टाकून दोन्ही बाजूंना स्पेसर दिले. मागच्या 40 भोकांच्या हबला जोडेल अशी रिम नाही. भोकं सोडून आरे गुंफता येतील का, हे मी विचारलं. भाऊंनी नकार दिला: ताण असमान पडतो, आणि मागच्या चाकावर तर सगळं वजन. मग एका जुन्या देशी एमटीबीचा 36 भोकांचा हब आला. नकाराला प्रत्येक वेळी कारण होतं आणि ते कारण हातात धरून दाखवलं गेलं. मला हे मोलाचं वाटतं.

ब्रेकचं काम सर्वांत जास्त वेळ चाललं आणि तेच सर्वांत चांगलं झालं. रोडस्टरचा सळईचा ब्रेक रिमला आतून, खालून वर ओढून धरतो. त्यासाठी रिमची घडण वेगळी लागते, एमटीबीच्या रिमवर तो निरुपयोगी. शिवाय जुन्या क्रोम केलेल्या पोलादी रिमवर पाणी पडलं की रबर नुसतं घसरतं. म्हणून ॲल्युमिनियमची रिम आणि कँटिलिव्हर. पुढचा चिमटा नव्वदच्या दशकातल्या एका देशी एमटीबीचा मिळाला, त्याला कँटिलिव्हरचे खुंट आधीच डाकलेले होते. मात्र त्याची वरची नळी माझ्या फ्रेमच्या डोक्याला पुरेल एवढी लांब हवी. भाऊंच्या माळ्यावर असे चिमटे टांगलेले आहेत, त्यांतले बरेच आखूड निघाले. एक जमला. मागं खुंट नवीन डाकायचे होते. भाऊंनी लोखंडी पट्टीला दोन भोकं पाडून स्वतःचा साचा केला आहे. दोन खुंटांमधलं अंतर सुमारे 80 मिलिमीटर, उंची अशी की ब्रेकचं रबर रिमच्या मधोमध बसावं. चाक फ्रेममध्ये घट्ट बसवून, पट्टी बांधून, मगच डाक. पहिल्या डाकेत उजवा खुंट किंचित वर गेला होता. मला तो दिसलाही नसता. त्यांनीच दोरा लावून पाहिलं, परत तापवला, उतरवला, नव्यानं बसवला, आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

क्रँक मूळचीच ठेवली, कॉटरची. कॉटर म्हणजे क्रँक एक्सलला धरून ठेवणारी तिरप्या पाठीची खीळ. ती ढिली झाली की पॅडल मारताना ठक्‌ ठक्‌ वाजतं आणि कच्च्या रस्त्यावर ती ढिली होतेच, असं सगळे म्हणतात. भाऊ नवी कॉटर कानशीनं घासून एक्सलच्या सपाटीवर अंगभर टेकेपर्यंत जुळवतात. हातोडीनं ठोकत नाहीत, शिकंज्यात दाबून बसवतात, थोडी सायकल चालवून आणायला लावतात आणि मग नट पुन्हा आवळतात. दोन कॉटर एकमेकींच्या उलट दिशेनं घालायच्या असतात, नाहीतर दोन क्रँक एका रेषेत येत नाहीत. माझी कॉटर पावसाळा संपेपर्यंत वाजली नाही.

पुढं 44 दात, मागं 22 चा फ्रीव्हील. मूळ 44-18 वर एका पॅडलफेऱ्यात रोडस्टर साडेपाच मीटरच्या आसपास जाते, माझी आता 4 मीटरच्या थोडी पुढं. सपाट डांबरावर पाय भराभर फिरतात आणि शाळकरी मुलंही पुढं निघून जातात. पण जानापावला चढताना, उंची 854 मीटर, मुरमाच्या पायवाटेवर बसून पॅडल मारता येतं, आणि उभं राहिलं तर बहुतेक चढ निघतो. कालाकुंडच्या बाजूचे खडे चढ निघत नाहीत. तिथं उतरून ढकलावी लागते आणि सतरा किलोच्या आसपासचं ओझं जाणवतं.

हँडल एका जुन्या मोटारसायकलचं आहे, रुंद, मधे आडवी दांडी असलेलं. त्याची नळी आणि सायकलच्या ग्रिपची नळी एकाच मापाची, 22 मिलिमीटर, त्यामुळं लिव्हर आणि ग्रिप नीट बसले. कॅलिफोर्नियातल्या पोरांनीही मोटारसायकलचे लिव्हर वापरले होते, म्हणून मला याचा विशेष आनंद आहे. नव्या चिमट्याला पुढचा वाक जुन्यापेक्षा कमी, त्यामुळं उतारावर सायकल रुळावरच्या गाडीसारखी सरळ जाते. गर्दीत, चालण्याच्या वेगात मात्र हँडल जड लागतं. राजवाड्याच्या गर्दीत रोज वापरायची असेल तर या चिमट्याची शिफारस मी करणार नाही.

काही गोष्टी दुकानानं सुधाराव्यात. पुढचा ब्रेक जोरात दाबला की चिमटा थरथरतो. ब्रेकचं रबर पुढून किंचित आत वळवल्यावर ते कमी झालं, गेलं नाही. केबलचा हूक हँडलच्या नळीच्या डोक्यावर न ठेवता चिमट्याच्या माथ्यावर ठेवला तर जाईल असं मला वाटतं, भाऊ अजून तयार नाहीत. रंग ब्रशनं देतात, तोही दिसायला साधा. पक्कं बिल मिळत नाही, वहीत लिहून देतात. आणि ठरल्या दिवशी सायकल मिळेल असं धरून चालू नका. एखादा भाग मनासारखा मिळाला नाही तर काम थांबतं, आणि फोन करून ते कळवत नाहीत, आपण जाऊन विचारायचं. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दिवस तर मुलांच्या सायकलींनी दुकान भरलेलं असतं, तेव्हा नवं काम घेतच नाहीत.

मजुरी साडेतीन हजार झाली. रिमा, टायर, ब्रेक, केबल, आरे असे नवे भाग आणि सियागंजातून आणलेलं किरकोळ सामान धरून सगळा खर्च अकरा हजारांच्या घरात गेला. तेवढ्यात बाजारात गिअरची चकचकीत सायकल मिळते, हे खरं. तिच्या वेल्डिंगची भेग मात्र कुणी खडू लावून बघत नाही.

रॅले या जुन्या ब्रिटिश कंपनीची फ्रेम घेऊन जाणार असाल तर एक सूचना. मी दुकानात बसले असताना एक गृहस्थ आजोबांची नॉटिंगहॅमची रॅले घेऊन आले होते, त्यांना बीबी बदलून आधुनिक क्रँक हवी होती. भाऊंनी आटे मोजायची पत्ती लावली. इंचाला 26 आटे. बाकी बहुतेक ब्रिटिश पद्धतीच्या सायकलींना 24 असतात, बाहेरून माप जवळजवळ सारखंच दिसतं, आणि जोर लावला तर नवा कप दोन-तीन फेरे आत जातोही. तेवढ्यात फ्रेमचे आटे कायमचे जातात. त्यांनी कप साफ केले, छर्रे बदलले, जुनी क्रँक तशीच ठेवली, वीस-पंचवीस मिनिटांचे पैसे घेतले आणि पुढचं काम घेतलं नाही. ते गृहस्थ नाराज झाले. मला तो निर्णय बरोबर वाटला.

जायचं असेल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारनंतर गिरणीची गर्दी दुकानापर्यंत येते. कुठल्या रस्त्यावर चालवणार ते नीट सांगा, मुरूम, खडी की काळी माती, कारण टायर आणि फट ते त्यावरून ठरवतात. उंची मोजतील, पायाचं मापही घेतील. आणि फ्रेम आधी रंगवून नेऊ नका. ताज्या रंगाखाली भेग दिसत नाही, म्हणून तशी फ्रेम ते आधी खरवडायला लावतात आणि रंगाचे पैसे वाया जातात.